तिघं पुढे, बाकी मागे

२ मार्च २०२५, रविवार

आजवर या दोन हातांनी केलं ते असं –

व्हायोलिनं सहा. व्हिओला, व्हायोलिनहून जरा मोठं नि खर्जातलं, एक. चेलो, बसून गुडघ्यांत धरायचा, दोन. पहिल्या चेलोची पाठ फुटली, आमचा चेलोवाला मुकुंद म्हणतो तो मोजू नको. मी मोजतो. गज नऊ. हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोचा पणजोबा, एक, त्याला चार वर्षं लागली. पेटी सागाची. आतली नाद देणारी फळी सूतगिरणीत परदेशी मशीन आली होती तिच्या खोक्याच्या लाकडाची – ते खोकं लोक चहाची टपरी करायला मागत होते, मी उचलून आणलं. प्रत्येक पट्टीमागे तार छेडायला पिसाचा काटा लागतो. ती पिसं कावळ्याची, पितृपक्षात शेजारच्या गच्चीवरून वेचलेली. शेजारी काय समजले कोण जाणे. तारा तेवढ्या विकत घेतल्या. बाकी सगळं घरचं.

हे आज लिहितोय कारण सदर भागातला हॉल मिळाला. सत्तावीस एप्रिल. आमचं नऊ जणांचं मंडळ आजवर माझ्या जरीपटक्यातल्या घराच्या वरच्या खोलीतच वाजवत आलं. आता पहिल्यांदा लोक तिकीट काढून येणार. आयोजकाने माझी माहिती मागितली. शिक्षण कुठे झालं, हा एक रकाना. मी लिहिलं – कुठेही नाही. सूतगिरणीत सत्तावीस वर्षं फिटर होतो, तिथे कान तयार झाला. कानाने शिकलो.

खोडणार नाही. तसंच छापा म्हटलं.

६ मार्च

आम्ही वाजवणार तो कॉन्चेर्तो ग्रोसो म्हणजे काय, ते कार्यक्रमाच्या पत्रिकेसाठी लिहून दिलं. गोपिका म्हणाली, काका, दोन ओळींत. तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट दोन ओळींत! तरी लिहिलं. पुढे तिघं – दोन व्हायोलिन, एक चेलो. मागे बाकी सगळे. तिघं बोलतात, सगळे मिळून उत्तर देतात, पुन्हा तिघं. एकट्याचा तोरा नाही. पण तिघं उघडी असतात. त्यांची चूक झाकायला कोणी नसतं.

मागच्यांना इटालियन शब्द आहे रिपिएनो. म्हणजे भरलेलं. मुकुंद लगेच म्हणाला, ‘‘म्हंजे आमचे मांगचे लोक भरल्या वांग्यातला मसाला.’’ मागचे सगळे हसले. मी त्यांना भरती म्हणतो, तोंडावर. मागच्याचं काम गप्प बसून मात्रा मोजणं आणि पाळी आली की आवाज जाड करणं. त्यात अवघड काय? अवघड ते पुढे.

पुढे पहिला मी. दुसरा गौरांग – बँकेत आहे, बोटं स्वच्छ, जीभ लांब. चेलो मुकुंदचा, तो आणि मी सूतगिरणीत एकाच पाळीला लागलो, तेव्हापासूनचा मित्र. गोपिका त्याची मुलगी, लॅबमध्ये रक्त तपासते. अकरा वर्षं माझ्याकडे शिकली. ती मागे, पहिल्या खुर्चीवर. यमुताई हार्पसिकॉर्डला. शाळेत संगीत शिकवायच्या, जन्मभर हार्मोनियम वाजवली. कागदावर खालच्या सुरावर नुसते आकडे असतात, ते वाचून वरचे सूर भरायचे – हे मीच त्यांना बसवलं. वर्षभरात माझ्या पुढे गेल्या, हे इथे लिहायला हरकत नाही.

१६ मार्च, रविवार

गौरांगचा सूर उतरतो. आज तीनदा थांबवलं. वरच्या जागी आम्ही दोघं एकाच सुरावर भेटतो, तिथे तो खाली राहतो. म्हणाला, ‘‘दादा, मी बरोबर आहे.’’ फोन काढला, त्यात सूर मोजायचं मीटर असतं ते दाखवायला लागला. म्हटलं, ठेव ते आत. मीटर पाहून सूर लावणारा माणूस उद्या थर्मामीटर पाहून घाम पुसेल. मागे सगळे पायाकडे बघत होते. मुकुंद चेलोला राळ – नाही, गजाला राळ लावत बसला, उगाचच.

दुसरा तुकडा बरा झाला. मागचे माझ्याबरोबर छान चढतात. गौरांगलाच काहून जमत नाही?

२३ मार्च

हार्पसिकॉर्डचा सूर मी लावतो, दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही. खुंट्या फिरवायच्या किल्ल्या दोन केल्या होत्या. एक माझ्या खिशात, एक मागच्या खिळ्याला, अडीअडचणीला. या कार्यक्रमासाठी यंदा प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर मी पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली – सूर बरोबर लागला की रेघ कुठे बघते ते ठरलेलं. आज पाहिलं तर वरच्या सप्तकातल्या रेघा हललेल्या. खालच्या जागच्या जागी.

कूलर! पंधरा तारखेपासून खोलीत कूलर लावला. ओली हवा सरळ फळीवर. सरसाने जोडलेलं लाकूड, ते फुगणारच. सगळ्यांना सांगून टाकलं, कार्यक्रम होईपर्यंत कूलर बंद.

माझी बायको इंदू म्हणाली, माणसं फुगली तर चालते का?

३० मार्च

पाडवा, तरी सगळे आले. चाळीस अंश. कूलर बंद. यमुताईंनी पन्हं आणलं होतं, स्टीलच्या कॅनमध्ये. दोन पाळ्यांत वाजवलं, मध्ये सगळे गच्चीच्या सावलीत. व्हिओलावाल्याला चक्कर आली, त्याला खाली झोपवलं.

सूर लावून गेलो होतो तसा होता असं वाटलं. संध्याकाळी रेघा पाहिल्या. हललेल्या. पुन्हा फक्त वरच्या.

२ एप्रिल

इंदू दोनदा येऊन टीव्ही कमी करून गेली. तिसऱ्यांदा रिमोटच घेऊन गेली.

६ एप्रिल, रविवार

सकाळी दाढी करताना लक्षात आलं. इतके दिवस डोकं कुठे होतं?

ओल्या हवेने फळी फुगते, तार ताणते, सूर बदलतो. हो. पण खुंटी फिरत नाही! खुंटी लाकडात ठोकलेली आहे, ती हवेने कशी फिरेल? खुंटी फिरवायला किल्ली लागते. किल्लीला हात लागतो.

डोळ्यांपुढे पहिला गौरांग आला. रिहर्सल दहाला. मी नऊलाच वर गेलो. जिन्यात खालचे सूर ऐकू येत होते, मग काही नाही. दार लोटलं.

यमुताई हार्पसिकॉर्डवर वाकलेल्या. खिळ्यावरची किल्ली त्यांच्या हातात. शेजारी गोपिका व्हायोलिनवर एकच वरचा सूर धरून उभी. माझ्या कानावर तो दारातून पडला नव्हता, गज चालताना दिसला.

यमुताईंनी किल्ली वाद्यावर ठेवली, नीट, आवाज न करता.

‘‘रुपराव, बसा.’’

मी उभाच राहिलो. केव्हापासून म्हणून विचारलं.

‘‘दोन वर्षं होतील. तुम्ही लावून जाता, वरचं सप्तक चढलेलं असतं. खालचं कधी चुकलं नाही तुमचं. खालच्याला मी हात लावलेला नाही.’’

गोपिका म्हणायला लागली, काका, आम्ही फक्त... तिला म्हटलं, तू गप राह्य वं. दोघींना जायला सांगितलं. आजची रिहर्सल नाही, खाली बाकीच्यांना सांगा. यमुताई चप्पल घालताना म्हणाल्या की पन्ह्याचा कॅन राहिला आहे. त्यावरून मला त्यांचा राग आला. बाकी कशावरून येत नव्हता.

दार लावून घेतलं. वरचं सप्तक माझ्या कानाने पुन्हा लावलं, एकेक तार, जितकं सावकाश लावता येईल तितकं. दोन तारा जुळत आल्या की सुरात ठोके पडतात, ठोके थांबले की सूर लागला. ठोके थांबलेले होते. मग फोनमधलं ते मीटर काढलं. पट्टी दाबली. काटा उजवीकडे, म्हणजे सूर चढलेला, लाल.

पुढची. लाल. पुढची. लाल.

माझा फोन जुना आहे म्हणून इंदूचा आणला. तोही तसाच.

७ एप्रिल

गौरांग बरोबर होता.

९ एप्रिल

धंतोलीला कानाच्या डॉक्टरकडे. मुकुंद बरोबर आला. मी सांगितलं नव्हतं, इंदूने सांगितलं असणार. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन घातला. आवाज आला की बटण दाबा. सुरुवातीला भराभर दाबली. मग बराच वेळ काही नाही. काचेतून पाहिलं तर ती मुलगी यंत्राची बटणं फिरवतच होती. म्हणजे आवाज सुरू होते.

कागदावर आलेख मिळाला. कागदाच्या डावीकडे, खालच्या आवाजांना, सरळ रेघ, उजवीकडे, वरच्यांना, विहिरीत पडल्यासारखी. उजवा कान जास्त गेलेला. डॉक्टरने सांगितलं, कारखान्यातल्या माणसांचा असाच असतो, खालचे आवाज शाबूत, वरचे जातात, हळूहळू, माणसाला कळत नाही. मी विचारलं, ठोके कुठे असतात? त्याला कळलं नाही. त्याला सगळं समजावलं – तार नुसता एक सूर देत नाही, तिच्या वर आणखी बारीक सूर असतात, ठोके त्या बारीक सुरांत पडतात. त्याने आलेखातल्या विहिरीवर पेन टेकवला. म्हणाला, मग ते इथे.

म्हणजे ठोके थांबले म्हणून मी सूर लागला समजत होतो. ठोके चालू होते. ते मला ऐकू येत नव्हते.

कानात घालायचं यंत्र मिळतं म्हणाला, बोलणं समजायला चांगलं. संगीताचं विचारलं तर म्हणाला, सवय करून पाहावी लागेल, खात्री देत नाही. खोटं बोलला नाही, बरं वाटलं.

परत येताना ऑटो केला. झीरो माइलच्या पुढे आल्यावर मुकुंद म्हणाला, ‘‘मी गिरणीत कानात कापूस घालत होतो गा. तू हासत होता.’’

हसत होतो. स्पिंडल, सूत पिळणारी चाती, बिघडली की खात्यात उभं राहून, डोळे मिटून सांगायचो, चौथी मशीन, डावी बाजू, मधोमध. साहेब लोक दुसऱ्या खात्यातून मला ऐकायला बोलवत. कानात कापूस घालून हे कसं झालं असतं? सगळे घालायचे. मी एकटा घालत नसे.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी पांढरे कपडे घालून मुकुंद आला, जय भीम केला, दोघं चौकात जाऊन आलो. गाड्यांवर हे एवढाले स्पीकर. त्यांचा ठोका छातीत बसत होता, तो मात्र पुरा ऐकू येतो. त्या आवाजात आम्ही दोघं सारखेच बहिरे, बरं वाटलं.

घरी आल्यावर गॅलरीत बसलो. त्याला सरळ विचारलं, तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं का? हाव, होतं म्हणाला. मागच्यांनी वर्षापूर्वीच ठरवलं होतं – मी चढलो की त्यांनीही तेवढं चढायचं. मान खाली घालून, कोणी न बोलता. म्हणून मला ते ‘छान’ वाटत होते. भरती! माझ्या चुकीवर अख्खी भरती घालून ती बरोबर करत होते. एकटा गौरांग ऐकला नाही, आणि मी त्यालाच थांबवत राहिलो.

मग तो म्हणाला – शब्द तसेच लिहितो –

‘‘तुले पुढं बसाचं असन तं बस. आमी चढू तुयासंगं. पण हालमधले आयकणारे नाई चढनार, रुपराव.’’

इंदूने पोहे आणले. त्याने सगळे खाल्ले. माझेही.

१५ एप्रिल

नाही. पुढे मीच. वाद्यं माझी, मंडळ माझं.

१८ एप्रिल

सुटी. वर जाऊन एकटाच वाजवत बसलो, फोनवर आवाज भरून घेतला. तोच आवाज इंदूच्या गाण्यांसाठी आणलेल्या छोट्या स्पीकरवर ऐकला. बरोबर वाटला. मला बरोबर वाटतो, हेच तर भय.

इंदू दारात येऊन उभी होती. तिला म्हटलं, तू सांग. तिला सुरातलं कळत नाही असं मी तीस वर्षं म्हणत आलो. तिने ऐकलं. संपल्यावर म्हणाली, शेवटी शेवटी काहीतरी डोळ्यात खुपल्यासारखं होते.

मग भाजी चिरायला गेली.

२० एप्रिल, रविवार

सगळे बसल्यावर सांगितलं. गोपिका पुढे, पहिली. मी तिच्या जागी मागे. फक्त या कार्यक्रमापुरतं. हे दोनदा म्हटलं – या कार्यक्रमापुरतं.

ती उठेचना. ‘‘काका, मी नाही बसणार तिथे.’’

‘‘तुले इचारून नाही राहिलो, सांगून राहिलो.’’

ती मुकुंदकडे बघायला लागली. मुकुंद खुंटी पिळत होता, वर पाहिलंच नाही. बापाने काही म्हटलं असतं तर ती उठली नसती, हे त्याला ठाऊक. मग उठली. तिच्या हातात तिचं व्हायोलिन होतं, मी केलेलं तिसरं, जरा घोगरं आहे. मी माझं तिच्याकडे दिलं. सहावं. तिचं मी घेतलं.

गौरांगची माफी मागितली. सगळ्यांसमोर थांबवलं होतं म्हणून सगळ्यांसमोर. तो म्हणाला, दादा, सोडा ना. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. जीभ लांब आहे पण मुलगा वाईट नाही.

सूर लावायचं ठरलं ते असं – खालचं मी, वरचं यमुताई. कूलर सुरू केला. व्हिओलावाल्याने टाळ्या वाजवल्या.

२३ एप्रिल

मागे बसून चुकलो! एक मात्रा आधी आत घुसलो. तिघं हळू बोलत होती, अगदी उघडी, आणि मी एकटाच धाडकन. जन्मात मात्रा मोजायची वेळ आली नव्हती. पुढचा माणूस सतत वाजवत असतो, त्याला मोजायचं काय? मग मुकुंद म्हणाला, ‘‘मसाला सांडला.’’

सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. शेजारच्या व्हायोलिनवाल्या बाईंनी दाखवलं कसं मोजतात – पायाच्या अंगठ्याने, बुटाच्या आत. बाहेरून दिसत नाही. वीस मात्रा गप्प, अंगठा चालू. या बाई सात वर्षं आमच्यात आहेत. मी त्यांच्याशी आज पहिल्यांदा इतकं बोललो असेन.

२८ एप्रिल

कार्यक्रम झाला. काल परत येऊन सरळ झोपलो, म्हणून आज.

हार्पसिकॉर्ड टेम्पोत गाद्या घालून नेला. मी मागे त्याच्याजवळ बसलो, इंदोरा चौकात एक खड्डा, तेव्हा त्याच्या पायाला मिठी मारली. काही झालं नाही. हॉलमध्ये ए.सी., म्हणजे पुन्हा सूर लावणं आलं. खालचं लावलं, किल्ली यमुताईंना दिली, विंगेत जाऊन उभा राहिलो.

पत्रिकेत पहिल्या व्हायोलिनपुढे माझंच नाव छापलेलं. आयोजकाला सांगायला वेळ नव्हता. लोक पुढच्या खुर्चीवर गोपिकाला पाहून पत्रिका उलटसुलट करत होते.

आता जे झालं ते. पहिला तुकडा, सगळे मिळून, ठीक. मग तिघं. मी गज मांडीवर ठेवला. अंगठा सुरू.

चौदा वर्षं मी त्या तिघांत होतो. तिथे असताना काय ऐकू येतं? आपलं व्हायोलिन, थोडा गौरांग, चेलोची टोकं. तिघं मिळून काय होतं ते मी ऐकलंच नव्हतं. मागून ऐकलं. डावा कान त्यांच्या बाजूला होता. गोपिका वर गेली तिथे मला नुसता गज दिसत होता, सूर अर्धा येत होता, अर्धा मी आठवणीने भरत होतो. पण खाली मुकुंदचा चेलो, आणि त्याखाली यमुताईंचा डावा हात, माझ्या कावळ्याच्या पिसांचा – तो पुरा. एकही सूर सुटला नाही. तिघं थांबली तेव्हा त्यांनी काहीतरी विचारल्यासारखं हवेत राहिलं. आणि उत्तर द्यायची पाळी आमची होती. अंगठा वीसवर आला. आम्ही सगळ्या सुरांनी उठलो.

ती मागची जागा मला एवढी मोठी माहीत नव्हती.

गोपिकाच्या चुका: दुसऱ्या तुकड्यात शेवटची लकेर घाईने. संथ तुकड्यात गज दोनदा टोकाला संपला. नमस्कार करताना व्हायोलिन गळ्याशी धरून वाकली, खुंटी लागेल डोळ्याला. तिला सांगितलं. हो काका, हो काका.

शेवटी आयोजकाने मला उभं केलं, ही सगळी वाद्यं यांनी केली. मागून उभा राहिलो. टाळ्या बऱ्याच झाल्या. पुण्याचा एक माणूस येऊन नंबर घेऊन गेला, तिकडे मोठे कार्यक्रम करतो म्हणे.

यंत्र घेऊन सवय करून पाहतो. सहा महिने. पुढच्या वर्षी पाहू पुढे कोण बसतं ते. ‘या कार्यक्रमापुरतं’ असं मी दोनदा म्हटलेलं आहे.

९ मे

पुण्याच्या त्या माणसाचा फोन. फोन डाव्या कानाला घेतला. तीन शहरांत तीन कार्यक्रम, माझी वाद्यं, मागे वाजवणारे ते तिकडचे घेतील, इथलं कोणी न्यायची गरज नाही. अट एक – पहिल्या खुर्चीवर मी पाहिजे. ज्याने वाद्यं केली तो पुढे दिसला की लोक येतात. मी कानाचं सांगितलं. म्हणाला, सूर थोडा इकडेतिकडे झाला तर कोणाला कळतं हो?

नाही म्हटलं. माझी जागा मागे आहे, पुढे गोपिका बसते.

तिला बोललो नाही. मुकुंदलाही नाही. किती सोडले ते इथे लिहून ठेवतो –

चार लाख रुपये.